बॉक्साइटचं माहेर

चीनच्या हेनान प्रांतातला सोंगशान डोंगर जगाला माहीत आहे तो शाओलिन मठामुळे. भूशास्त्रज्ञांना त्याची ओढ आहे ती वेगळ्याच कारणासाठी. डोंगराच्या भोवती डेंगफेंग, गोंगयी, शिनमी या परिसरात बॉक्साइटच्या खाणी आहेत आणि त्या खाणींच्या उभ्या कापात पृथ्वीच्या इतिहासातली एक मोठी गाळलेली जागा उघडी पडलेली दिसते. तळाशी राखाडी चुनखडी, पाण्यानं खाऊन खाऊन खड्ड्याखड्ड्यांची झालेली. तिच्यावर लोहानं तांबूस झालेली चिकणमाती. मग बॉक्साइट. त्याच्यावर काळपट मातीचे थर आणि त्यांत कोळशाच्या पट्ट्या. चुनखडीतला खळगा खोल असेल तिथे बॉक्साइट दोन-दोन पुरुष जाड, आणि चुनखडीचा उंचवटा आला की तोच थर वीतभर उरतो.

ही चुनखडी ऑर्डोव्हिशियन कालखंडातली, सुमारे ४६ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचलेली. वरचं बॉक्साइट कार्बोनिफेरस कालखंडाच्या अखेरचं, म्हणजे ३१ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचं. मधल्या जवळपास १५ कोटी वर्षांचा एकही थर तिथे नाही. समुद्र हटला, तळ उघडा पडला, एवढ्या प्रदीर्घ काळात पावसानं चुनखडी विरघळवत नेली आणि शेवटी समुद्राचं पाणी पुन्हा आत शिरलं. या दोन समुद्रांच्या मधल्या काळाची जवळपास एकमेव खूण म्हणजे बॉक्साइटचा हा थर.

पण तो आला कुठून?

बॉक्साइट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा कच्चा माल. स्वयंपाकघरातल्या कुकरपासून विमानाच्या पंखापर्यंत लागणारं अ‍ॅल्युमिनियम बहुतांशी या दगडातून येतं. १८२१ साली पिएर बेर्तिए या फ्रेंच अभियंत्यानं प्रोव्हान्समधल्या ले बो या गावाजवळच्या तांबड्या दगडाचं पृथक्करण केलं, त्यात अ‍ॅल्युमिनाचं प्रमाण भरघोस निघालं आणि गावाचं नाव दगडाला चिकटलं. जगातलं बहुतेक बॉक्साइट आपल्या परिचयाच्या प्रकारचं असतं: उष्ण, पावसाळी हवेत खडक जागच्या जागी कुजतो, त्यातली सिलिका, चुना, सोडा, पोटॅश वाहून जातात आणि अ‍ॅल्युमिनियम व लोहाची संयुगं मागे उरतात. दक्षिण कोकणातला जांभा ज्या प्रक्रियेतून बनतो तीच प्रक्रिया आणखी पुढे गेली की बॉक्साइट तयार होतं. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या डोंगरमाथ्यांवर, रत्नागिरीत दापोली-मंडणगडकडे असलेलं बॉक्साइट असंच, थेट काळ्या बेसॉल्टच्या डोक्यावर बसलेलं आहे. ओडिशात कोरापुटजवळ पंचपटमालीच्या पठारावर ते खोंडलाइट नावाच्या खडकातून झालं. अशा ठिकाणी मूळ खडक शोधायला फार लांब जावं लागत नाही. खाली खणत गेलं की बॉक्साइट, मग मऊ कुजका खडक, मग अर्धवट कुजलेला, मग अखंड काळा पाषाण अशी उतरंड डोळ्यांनी दिसते.

चुनखडीवर बसलेल्या बॉक्साइटची गोष्ट वेगळी. जगातल्या एकूण साठ्यात त्याचा वाटा दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपासचा, पण भूमध्य समुद्राभोवतीचे देश, जमैका आणि चीनचा मोठा भाग याच प्रकारच्या बॉक्साइटवर उभे राहिले. इथे उतरंड नाही. स्वच्छ चुनखडी संपते आणि रेघ मारल्यासारखं बॉक्साइट सुरू होतं.

फार वर्षं याचं जे उत्तर दिलं जाई ते सरळ होतं. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, पण समुद्रात साचताना तिच्यात थोडीफार माती मिसळलेली असते. पावसाच्या पाण्यात कार्बोनेट विरघळून जातं, माती मात्र विरघळत नाही. गढूळ पाणी आटवलं की भांड्याच्या तळाशी गाळ उरावा, तशी ती माती खळग्यांमध्ये गोळा होत गेली आणि पुढे कुजून तिचं बॉक्साइट झालं. पाठ्यपुस्तकांमध्ये हे उत्तर वर्षानुवर्षं होतं. त्याला तर्क होता आणि काळाची साथही होती. १५ कोटी वर्षांत काय विरघळणार नाही?

हिशेब मात्र अवघड होतो. समजा बॉक्साइटचा थर ५ मीटर जाड आहे आणि त्यात ६० टक्के अ‍ॅल्युमिना आहे. म्हणजे एका चौरस मीटरखाली साधारण ८ टन अ‍ॅल्युमिना भरला. चुनखडीत अ‍ॅल्युमिना अर्धा टक्का धरला, तर तेवढा जमवायला ६०० मीटर जाडीची चुनखडी विरघळावी लागेल, तीही एक कणभर माती वाहून न जाता. चुनखडी जितकी शुद्ध तितका हा आकडा फुगत जातो. जमैकात हाच पेच होता. तिथली पांढरी चुनखडी इतकी शुद्ध की तिच्यातून एवढं बॉक्साइट निघालं असं म्हणणं धाडसाचं ठरलं असतं. १९७४ साली कोमर या भूशास्त्रज्ञानं ज्वालामुखीच्या राखेकडे बोट दाखवलं: मायोसीन काळात राख वाऱ्यावर येऊन या बेटावर पडली आणि तीच कुजली. पुढे २००९ साली म्यूस आणि बुडान यांनी जमैकातल्या प्रवाळखडकावरच्या तांबड्या मातीत आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून आलेली धूळ रासायनिक पुराव्यानं दाखवून दिली. चुनखडीवरची माती चुनखडीचीच असते हा समज असा हळूहळू ढासळत गेला.

तरी रासायनिक पुराव्याची एक मर्यादा होती. कुजण्याच्या प्रक्रियेत मूळ खडकाचं रसायन इतकं बदलतं की त्यावरून माहेर ओळखणं कठीण. टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम, टँटॅलम ही मूलद्रव्यं जागची फारशी हलत नाहीत म्हणून त्यांच्या परस्पर प्रमाणांवरून अंदाज बांधले जात. एकाच थरातून एक गट चुनखडी सिद्ध करी, दुसरा गट दूरचा ग्रॅनाइट. वाद मिटवायला असा साक्षीदार हवा होता जो कुजत नाही, विरघळत नाही आणि ज्याला स्वतःचं वय ठाऊक असतं.

झिरकॉन हे त्या साक्षीदाराचं नाव. झिर्कोनियम सिलिकेटचा हा स्फटिक बहुतेक ग्रॅनाइटांत आणि सिलिकायुक्त लाव्हात सूक्ष्म दाण्यांच्या रूपात असतो, बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा. क्वार्ट्झपेक्षा कठीण, पाण्याच्या साडेचारपटींहून जड. ज्या पावसानं फेल्डस्पार कुजून चिकणमाती होते आणि चिकणमाती कुजून बॉक्साइट होतं, त्या पावसाचा झिरकॉनवर फारसा परिणाम होत नाही. डोंगर झिजून वाळू होते, वाळूचा पुन्हा खडक बनतो, तो पुन्हा झिजतो, आणि झिरकॉन या सगळ्यांतून पार होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स इथे सापडलेला एक दाणा सुमारे ४४० कोटी वर्षांचा आहे. ज्या खडकात तो जन्मला त्या खडकाचा आज मागमूसही नाही.

स्फटिक तयार होताना झिर्कोनियमच्या जागेवर थोडं युरेनियम सहज बसतं. शिसं मात्र तिथे बसत नाही. त्याच्या आयनाचा आकार आणि भार दोन्ही त्या जागेला जुळत नाहीत. म्हणजे जन्माच्या क्षणी दाण्यात युरेनियम असतं, शिसं जवळपास नसतं. पुढे किरणोत्सारानं युरेनियमचं शिसं होत राहतं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं आणि त्यातून शिसं-२०६ बनतं. युरेनियम-२३५ चं अर्धायुष्य ७० कोटी वर्षं आणि त्यातून शिसं-२०७. एकाच दाण्यात दोन स्वतंत्र मोजमापं चालू असतात. दोन्हींची उत्तरं जुळली तर वय खात्रीचं. जुळली नाहीत तर मधल्या काळात दाण्यातून शिसं निसटलं हेही त्याच मोजमापातून कळतं. १९५६ साली जॉर्ज वेदरिल यांनी ही दोन उत्तरं एकाच आलेखावर मांडण्याची पद्धत दिली आणि ती आजही रोजच्या वापरात आहे. आपल्या चुकीची खूण स्वतःच दाखवणारी मोजमापं विज्ञानात फार नाहीत, म्हणून या पद्धतीवर एवढा भरवसा.

प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम सुरू होतं ते दगड फोडण्यापासून. काही किलो बॉक्साइट जबड्यासारख्या यंत्रात भरडतात, चाळतात, पाण्यात धुऊन हलकी माती काढून टाकतात. चुंबकानं लोहाचे कण बाजूला करतात. एरवी वाळूतून झिरकॉन वेगळं करताना ब्रोमोफॉर्मसारखा जड द्रव वापरतात. क्वार्ट्झ वर तरंगतं, झिरकॉन तळाशी जातं. चीनच्या बॉक्साइटमध्ये अडचण अशी की त्यातलं मुख्य खनिज डायस्पोर स्वतःच जड असतं आणि ब्रोमोफॉर्ममध्ये तेही बुडतं. ब्रोमोफॉर्मपेक्षा जड असलेल्या मेथिलीन आयोडाइडचाही तिथे पूर्ण उपयोग होत नाही, कारण त्याची घनता डायस्पोरच्या घनतेला अगदी लागून आहे. मग शेवटी माणूस द्विनेत्री सूक्ष्मदर्शकापाशी बसतो आणि बारीक सुईनं एकेक दाणा टिपतो. काही दाणे लांबट, धारदार कडांचे, जणू कालच लाव्हातून बाहेर पडलेले. काही गोल, घासलेले, नदीच्या प्रवासाची खूण अंगावर असलेले. हे आकारच पहिली बातमी देतात: धारदार कडांचा दाणा राखेसोबत हवेतून आला असण्याची शक्यता दांडगी, गोल दाणा एकाहून अधिक वेळा पाण्यातून फिरलेला.

टिपलेले दाणे राळेत ओळीनं बसवून अर्धे घासतात, म्हणजे प्रत्येकाचा मधला भाग उघडा पडतो. इलेक्ट्रॉनांचा झोत टाकला की ते मंद उजळतात आणि आतले वाढीचे पट्टे दिसू लागतात. वितळलेल्या शिलारसात वाढलेल्या दाण्यात हे पट्टे एकाआड एक, नेमके. रूपांतरित खडकातल्या दाण्यात ते पुसट किंवा विस्कटलेले. कधी जुन्या गाभ्याभोवती नवं कवच चढलेलं असतं, तेव्हा गाभ्याचं वय वेगळं आणि कवचाचं वेगळं. त्यामुळे लेसरचा नेम कुठे धरायचा हे आधी चित्र पाहून ठरवावं लागतं. मग साधारण ३० मायक्रॉन रुंदीचा लेसर दाण्यावर पडतो, तेवढ्या जागेची वाफ होते आणि ती वस्तुमानमापकात जाऊन युरेनियम व शिशाचे समस्थानिक मोजले जातात. दर काही दाण्यांनंतर वय आधीच ठाऊक असलेला संदर्भदाणा मोजतात. कॅनडातल्या ओन्टारिओचा १०६.५ कोटी वर्षांचा ‘९१५००’ आणि चेक प्रजासत्ताकातला ३३.७ कोटी वर्षांचा प्लेशोविट्से हे दोन दाणे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात आहेत. किती दाणे मोजावेत यालाही गणित आहे. मूळ मालात निदान ५ टक्के वाटा असलेला एकही स्रोत नजरेतून सुटू नये, याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर किमान ११७ दाणे मोजायला हवेत असं पीटर फर्मेश यांनी २००४ साली दाखवलं. शे-सव्वाशे दाण्यांची वयं हाती आली की त्यांचा आलेख काढायचा. ज्या वयांपाशी शिखरं उभी राहतात, त्या वयाचे खडक आसपास कुठे आहेत हे मग नकाशावर शोधायचं.

उत्तर चीनमध्ये बीजिंगच्या चायना युनिव्हर्सिटी ऑफ जिओसायन्सेसमधल्या वांग चिंगफेइ, डंग जुन, लिउ श्वेफेइ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केलं. हेनानमधल्या दाण्यांत ठसठशीत शिखर आलं ते ४५ कोटी वर्षांच्या आसपास. शान्शी प्रांताच्या उत्तर भागातल्या बॉक्साइटमध्ये ३१ कोटी वर्षांच्या आसपासचे दाणे, सोबत १८० आणि २५० कोटी वर्षांचे फार जुने.

या आकड्यांसमोर चुनखडीचा जुना सिद्धांत टिकत नाही. चुनखडी ४६ कोटी वर्षांची. तिच्यात मिसळलेली माती तिच्याहून जुनीच असणार. ३१ कोटी वर्षांपूर्वी जन्मलेला दाणा ४६ कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या थरात असूच शकत नाही. तो बाहेरूनच आला पाहिजे. त्यामुळे चुनखडी ही या बॉक्साइटची आई नाही, तिनं फक्त त्याला जागा दिली, एवढं नक्की होतं. चुनखडीचा थोडाफार वाटा मिसळला असेल, पण मुख्य माल परक्या गावचा.

परकं गाव कोणतं, तेही वयांवरून ओळखू येतं. ४५ कोटी वर्षांच्या सुमाराचे अग्निजन्य खडक हेनानच्या दक्षिण-पश्चिमेला, चिनलिंग पर्वतरांगेच्या उत्तर पट्ट्यात भरपूर आहेत. तिथे एका जुन्या महासागराचा तळ खंडाखाली शिरत होता, त्यातून शिलारस वर आला आणि डोंगर उभे राहिले. उत्तर शान्शीतल्या बॉक्साइटचं माहेर उलट्या दिशेला, खंडाच्या उत्तर कडेला, आजच्या इनर मंगोलियाकडच्या उंचवट्यावर. तिथे त्या काळात आणखी एक महासागर खंडाखाली जात होता. कार्बोनिफेरसच्या अखेरीस ज्वालामुखी धुमसत होते आणि त्यांच्या खाली १८० ते २५० कोटी वर्षांचा पुरातन पाया होता. शान्शीच्या दाण्यांतली जुनी वयं त्या पायाचीच. वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१६ सालच्या शोधनिबंधाचं महत्त्व इथे आहे. एकाच भूखंडावरच्या, एकाच काळातल्या, दिसायला एकसारख्या बॉक्साइटच्या थराला दोन वेगळी माहेरं आहेत. दक्षिणेच्या डोंगरांतून आणि उत्तरेच्या डोंगरांतून आलेली माती मधल्या सपाट चुनखडीच्या प्रदेशात पसरली, विषुववृत्तालगतच्या उष्ण, दमट हवेत कुजली आणि खळग्यांमध्ये साचून राहिली. त्या दोन डोंगररांगांची त्या काळची शिखरं आज उरलेली नाहीत. ती कधी उंचावली आणि कोणत्या बाजूला झिजली याचा पुरावा अ‍ॅल्युमिनियमच्या खाणींमधून मिळावा, ही या सगळ्या संशोधनातली मोलाची गोष्ट.

आणखी एक फायदा व्यवहाराचा. बॉक्साइटमध्ये जीवाश्म जवळपास टिकत नाहीत, त्यामुळे थराचं वय ठरवणं अवघड असायचं. पण थर त्यातल्या सर्वांत तरुण दाण्याहून जुना असू शकत नाही. त्या दाण्यांच्या गटानं थराच्या वयाला वरची मर्यादा आपोआप घालून दिली.

दक्षिण चीनमध्ये, ग्वांगशी प्रांताच्या पश्चिम भागात, गुंता अधिक आहे. तिथलं बॉक्साइट पर्मियन काळातल्या चुनखडीवर बसलेलं. पिंगग्वोच्या परिसरात तर ते दोनदा झालं: मूळ थर अलीकडच्या काळात फुटून त्याचे तुकडे चुनखडीच्या दऱ्यांमध्ये तांबड्या मातीत गाडले गेले, आणि खाणीत मुख्यतः हे तुकडेच धुऊन काढतात. त्यातल्या झिरकॉनचं शिखर जवळपास २६ कोटी वर्षांपाशी. हे वय दिसताच संशय गेला तो एमेइशानकडे. सिचुआन-युनान भागात त्याच सुमारास बेसॉल्टचा प्रचंड उद्रेक झाला होता, आपल्या दख्खनच्या पठारासारखाच. पण दक्षिणेकडे त्याच काळात टेथिस महासागराच्या कडेनं ज्वालामुखींची माळ पेटलेली होती. दोन्ही स्रोतांची वयं एकच. नुसतं वय इथे काम करत नाही.

तेव्हा झिरकॉनमधलं हाफ्नियम तपासलं गेलं. ल्युटेशियमच्या एका समस्थानिकापासून हाफ्नियमचा एक समस्थानिक सावकाश बनतो, आणि पृथ्वीच्या प्रावरणातून थेट आलेल्या शिलारसात त्याचं प्रमाण एका प्रकारचं, जुन्या कवचाला वितळवून वर आलेल्या शिलारसात दुसऱ्या प्रकारचं असतं. दाण्याचा शिलारस कोणत्या कुळातला हे त्यावरून ठरवता येतं. ग्वांगशीच्या दाण्यांत काही एमेइशानच्या कुळाशी जुळले, काही महासागरकाठच्या ज्वालामुखींशी. दोन्हींची राख आणि माती एका खळग्यात मिसळली असावी, असं चित्र पुढे आलं. कोणाचा वाटा किती यावर चिनी भूशास्त्रज्ञांत चर्चा अजून जोरात आहे, आणि ती तशी व्हायलाच हवी.

कारण या पद्धतीत एक मोठी खोच आहे, आणि झिरकॉनच्या आलेखांनी भारावून जाणाऱ्या प्रत्येकानं ती लक्षात ठेवावी असं वाटतं. झिरकॉन सांगतं ते झिरकॉनचं माहेर. अ‍ॅल्युमिनियमचं माहेर तेच असेलच असं नाही. ग्रॅनाइटमध्ये झिरकॉन मुबलक असतं, बेसॉल्टमध्ये जवळपास नसतं. समजा बॉक्साइटचा नऊ दशांश माल बेसॉल्टमधून आला आणि एक दशांश ग्रॅनाइटमधून. तरी आलेखावर दिसेल तो बहुतेक ग्रॅनाइटच. बेसॉल्ट त्या साक्षीत मुका राहतो.

याचं उदाहरण आपल्या सह्याद्रीतच आहे. दख्खनच्या बेसॉल्टचं वय झिरकॉनवरून काढायचं तर झिरकॉन मिळायला हवं, आणि बेसॉल्टमध्ये ते मिळत नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातले ब्लेअर शेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधलं लाव्हाच्या दोन थरांमधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यांत. घाटातून जाताना काळ्या कातळाच्या मधोमध विटकरी रेघ दिसते, तीच ही पट्टी. दोन उद्रेकांमधल्या निवांत काळात तिथे माती बनली आणि त्याच काळात दुसऱ्या, सिलिकायुक्त ज्वालामुखीची राख तिच्यात पडली. झिरकॉन त्या राखेतलं. २०१५ साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी त्यावरून दाखवलं की दख्खनचा मुख्य उद्रेक क्रिटेशियस कालखंडाच्या अखेरीच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला. आता कल्पना करा की सह्याद्री झिजून त्याची माती एखाद्या दूरच्या चुनखडीच्या खळग्यात गेली आणि तिचं बॉक्साइट झालं. कोट्यवधी वर्षांनी कोणी त्यातलं झिरकॉन वेचलं तर त्याला ते राखेचे थोडे दाणे दिसतील, किंवा दक्षिणेतल्या पुरातन ग्रॅनाइटचे. ज्या बेसॉल्टनं सगळा माल पुरवला त्याचं नावही कुठे उमटणार नाही.

म्हणून जाणते अभ्यासक झिरकॉनसोबत इतरांनाही बोलतं करतात. टायटॅनियमचं खनिज रूटाइल बहुतेक रूपांतरित खडकांत बनतं आणि त्याचंही वय युरेनियम-शिशानं काढता येतं. क्रोमियम, निकेल आणि टायटॅनियमचं वाढीव प्रमाण बेसॉल्टकडे बोट दाखवतं. वाऱ्याचा वाटा ओळखायला दाण्यांचा आकारही उपयोगी पडतो. ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या डार्लिंग रेंजचं बॉक्साइट खालच्या ग्रॅनाइटमधून झालं असं सगळे धरून चालले होते. १९८८ साली जॉर्ज ब्रिमहॉल आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं की तिथल्या धातूंचा मोठा हिस्सा वाऱ्यानं आणून टाकलेल्या, आधीच कुजलेल्या धुळीतून आला. म्हणजे पायाखालचा खडक डोळ्यांना दिसत असतानाही माहेराची खात्री धरता येत नाही.

हे सगळं अभ्यासकांच्या कुतूहलापुरतं राहिलेलं नाही. बॉक्साइटमधून अ‍ॅल्युमिना काढताना गॅलियम हा धातू उपपदार्थ म्हणून मिळतो. अर्धवाहक उपकरणांत, रडारमध्ये, एलईडी दिव्यांत त्याची गरज लागते, आणि जगातलं जवळपास सगळं प्राथमिक गॅलियम चीन काढतो. जुलै २०२३ मध्ये चीननं त्याच्या निर्यातीवर नियंत्रण जाहीर केलं तेव्हा अनेक देशांना या दुर्लक्षित उपपदार्थाची किंमत कळली. चीनच्या काही बॉक्साइटमध्ये, विशेषतः युनानच्या मध्य भागात, लिथियमही लक्षणीय प्रमाणात आहे. ते तिथल्या चिकणमातीच्या खनिजांत अडकलेलं असतं. कोणत्या खळग्यात लिथियम असेल आणि कोणत्यात नसेल, हे ठरतं ते मूळ माल कोणत्या खडकाचा होता आणि तो कसा कुजला यावर. त्यामुळे माहेराचा शोध घेणाऱ्या भूशास्त्रज्ञाच्या नकाशाची वाट आता खाणकाम करणारेही पाहतात.

भारताचा संबंध नेमका इथे येतो. ९ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्र सरकारनं जाहीर केलं की भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात सलाल-हैमाना भागात ५९ लाख टन लिथियमचा साठा असल्याचा प्राथमिक अंदाज मिळाला आहे. चिनाब नदीवरचा उंच रेल्वेपूल आहे तोच हा जिल्हा. बातमी गाजली, बॅटऱ्यांच्या स्वावलंबनाची चर्चा झाली. या साठ्याच्या खाणपट्ट्याचा पहिला लिलाव पुरेसे बोलीदार न मिळाल्यानं रद्द करावा लागला. या गदारोळात एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली: हे लिथियम बॉक्साइटच्या पट्ट्यात आहे, आणि ते बॉक्साइट चुनखडीवर बसलेलं आहे.

म्हणजे हेनानचीच मांडणी. खाली सिरबान चुनखडी, कवचधारी जीव समुद्रात अवतरण्याच्या आधीच्या काळातली. वर सुबाथू थर, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे, त्यांत कोळशाच्या पट्ट्याही. मध्ये बॉक्साइट आणि त्याच्या मागे-पुढे ५० कोटींहून अधिक वर्षांची गाळलेली जागा, हेनानच्या तिप्पट मोठी. सुबाथूचा काळ भारतीय भूमी आशियाला भिडण्याचा. त्या धडकेच्या ऐन तोंडावर जी जमीन उघडी पडून कुजत होती, तिचा अवशेष म्हणजे सलालचं बॉक्साइट.

तिथल्या झिरकॉनचे संभाव्य स्रोत आधीच वयांनिशी ठाऊक आहेत. भारतीय ढालीचे, म्हणजे द्वीपकल्पाच्या पुरातन पायाचे, खडक १८० आणि २५० कोटी वर्षांचे. हिमालयाच्या पट्ट्यातले जुने ग्रॅनाइट ५० कोटींच्या सुमाराचे. काश्मीरचे पंजाल ज्वालामुखी २९ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांतला बेसॉल्ट गप्प राहील, पण सोबतचा सिलिकायुक्त लाव्हा दाणे देऊ शकतो. आणि आशियाच्या कडेवरचे लडाखचे ग्रॅनाइट-ज्वालामुखी, मुख्यतः ६ ते ५ कोटी वर्षांचे. सलालच्या शे-सव्वाशे दाण्यांच्या आलेखात शिखर १८० कोटींवर उभं राहिलं तर निदान झिरकॉन असलेला माल दक्षिणेकडून, भारताच्या आतल्या भागातून आला. ५० कोटींवर राहिलं तर जवळच्याच डोंगरांतून. सुबाथूच्या खालच्या या थरात ६ कोटींच्या आतले धारदार कडांचे दाणे निघाले, तर लडाखची राख, दोन भूखंडांमधला समुद्र पुरता मिटण्याआधीच, वाऱ्यावर इकडे येऊन पडली होती. लिथियमचा वाटा त्या राखेचा की जुन्या ग्रॅनाइटचा, यावर रियासीच्या पुढच्या विंधनछिद्रांच्या जागा ठरवता येतात.